टोकाला शिसं नको

मी एक जुनी दोरी आहे. मित्रांनो, दोरी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कपडे वाळत घालायची दोरी येईल, नाहीतर विहिरीचा दोर. मी तेवढी लांब नाही. दोन्ही टोकांचे फास धरूनही मी जेमतेम दीड वीत भरते. माझ्याने पाणी शेंदवत नाही की गाठोडे बांधवत नाही. माझे काम एकच होते. दोन बहिणी शेजारी शेजारी धावायच्या आणि त्यांच्या दोन मुठींच्या मधे मी असायची.

थोरल्या बहिणीला घरीदारी सगळे ताईच म्हणत. धाकटीचे लाडाचे नाव भिंगरी. चालायला लागली तेव्हापासून ती एका जागी ठरत नसे, म्हणून आईने ते ठेवले होते. भिंगरी चार वर्षांची असताना तिला मेंदूचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना डोळ्यांतला उजेड घेऊन गेला. त्यानंतर आईच्या तोंडून ते नाव निघेनासे झाले. ताईने मात्र ते सोडले नाही. ताई तेव्हा नऊ वर्षांची होती.

वडील आधीच वारले होते. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. अंधशाळा दोन बस पलीकडे. भिंगरीला तिथे रोज पोचवायचे कुणी आणि आणायचे कुणी? ताईच्या शाळेची आणि अंधशाळेची वेळ एकच होती. दोन शाळा आणि एक ताई, हे गणित काही केल्या सुटेना. शेवटी सातवीनंतर ताईनेच आपली शाळा सोडली आणि गणित सोडवले. अंधशाळेसमोर एका बाईंचे शिवणकामाचे दुकान होते. भिंगरीला आत सोडून ताई तिथे काज-बटणे करत बसायची. हळूहळू तिला मशीनही मिळाले.

हे सगळे माझ्या जन्माआधीचे. ताई मला वळत होती तेव्हा आई शेजारणीला सांगत होती, म्हणून मला ठाऊक.

माझा जन्म झाला तो एका चुकलेल्या बसमुळे. शाळा सुटली होती, बस निघायच्या बेतात होती, आणि ताई भिंगरीचा हात धरून पळत सुटली. बस गेलीच. पण फाटकात उभ्या असलेल्या व्यायामाच्या मास्तरांनी ते धावणे पाहिले. मास्तर म्हातारे होते, गुडघ्याला कायम पट्टा बांधलेला असायचा. ते लंगडत आले आणि म्हणाले, "पोरी, ही तुझ्याहून जोरात पळते, कळतंय का तुला?"

ताई धापा टाकत होती. "कळतंय तर. हात उपटायची वेळ आली माझा."

"हात धरून पळणं खरं नव्हे. पळणाऱ्याचा हात हलायला मोकळा हवा. मधे दोरी घे. वीतभर, दीड वीत."

त्याच दिवशी ताईने दुकानातल्या पडद्यांची उरलेली जाड सुती दोरी मागून घेतली आणि भिंगरीच्या केसांची घालायची तशी तीन पेडांची वेणी घालून मला तयार केले. दोन्ही टोकांना फास केले. फास मनगटावर आवळू नयेत म्हणून प्रत्येकात एक छोटी चकचकीत कडी बसवली. त्या कड्यांचा मला फार अभिमान होता. दुसऱ्या कुठल्या दोरीला दागिने असतात?

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर धावू लागलो. ताई उजवीकडे, भिंगरी डावीकडे. पहिला आठवडा नुसता पडण्यात गेला. एकीचा पाय दुसरीच्या पायात अडके आणि दोघी मातीत. पण एकदा जमले आणि मग जमतच गेले. दोघींचे हात एकाच वेळी पुढे जात, एकाच वेळी मागे येत. ताई हळूच सांगे, "वळण... सुटलं... सरळ." पावलांचा इतका एकच आवाज येई, की डोळे मिटून ऐकले तर एकच बाई धावते आहे असे वाटावे.

आणि मित्रांनो, एक गोष्ट कुणालाच कळत नसे ती मला कळे. मी पुढून ताणली गेले की ताई पुढे आहे. मी सैल असले की दोघी बरोबर. मागून ताण आला की ताई कमी पडते आहे. त्या दिवसांत मी थोडीशी पुढून ताणलेली असे. वाट दाखवायला म्हणून ताई अर्धे पाऊल पुढे आणि भिंगरी तिच्या भरवशावर. लहानसहान शर्यती आम्ही जिंकलो. मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवत आणि म्हणत, "बघा, एवढ्याशा दोरीत दोन माणसं बांधलीत." मी फुशारून जाई.

भिंगरी सोळा वर्षांची झाली तेव्हा मोठ्या स्पर्धेचे बोलावणे आले. दीड हजार मीटर. पहिली येणारी मुलगी पुढच्या प्रशिक्षणासाठी निवडली जाणार होती. मास्तरांनी अर्ज भरला आणि नियमांचा एक कागद ताईच्या हातात दिला. कागद इंग्रजीत होता. मास्तर म्हणाले, "वाचून घ्या ग दोघी. भिंगरीला येतं की इंग्रजी." त्यांना स्वतःला फारसे येत नव्हते आणि ते कबूल करणे त्यांच्या जिवावर आले होते.

घरी आल्यावर दोघी उंबऱ्यात बसल्या. ताईला दिसत होते, पण तिचे इंग्रजी सातवीत थांबलेले. भिंगरी ठिपक्यांवर बोटे फिरवून इंग्रजी पुस्तके वाचायची, पण छापील कागद तिला कोराच. मग ताई एकेक अक्षर म्हणायची आणि भिंगरी अर्थ सांगायची. वेळ, कपडे, ओळखपत्र असले सगळे बरोबर लागले. तळाशी दोन छोटी वाक्ये उरली.

"नो," ताई म्हणाली. "नो म्हणजे नाही, एवढं येतं मला. पुढे एल, ई, ए, डी. लीड असेल का ग?"

"लीड नव्हे. लीडला दोन ई लागतात." लीड हा शब्द भिंगरीने रेडिओवर हजारदा ऐकला होता, पण तिच्या बोटांखाली तो कधी आला नव्हता. "हे लेड. आमच्या शास्त्राच्या पुस्तकात आहे. लेड म्हणजे शिसं."

"शिसं? शर्यतीत शिसं कशाला?"

"नको म्हणतायत ना. पुढे काय आहे?"

"बाय द गाईड. गाईड म्हणजे मीच. मग, ॲट द... फिनिश."

"फिनिश म्हणजे शेवट. गाईडकडे शेवटी शिसं नको." भिंगरी विचारात पडली. "कशाच्या शेवटी?"

तिने मला मांडीवरून उचलले आणि चाचपत चाचपत माझ्या टोकाशी आली. तिचे बोट कडीवर थांबले.

"दोरीच्या! ताई, टोकाला शिसं नको. या कड्या!"

"या शिशाच्या आहेत?"

"कशाच्या आहेत कुणाला ठाऊक. धातूच नको, म्हणजे प्रश्न मिटला."

दुसरे वाक्य सोपे वाटले. गाईडने फॉलो केले पाहिजे. भिंगरी म्हणाली, "आमच्या बाई प्रत्येक धड्यानंतर विचारतात, डू यू फॉलो? म्हणजे समजलं का."

"पण फॉलो म्हणजे मागून येणंसुद्धा ना? दुकानात एक बाई येते, ती पोराला फॉलो मी म्हणत असते."

"तोही अर्थ आहे. पण गाईड म्हणजे वाटाड्या. वाटाड्याच मागून आला तर वाट कोण दाखवणार?"

"तेही खरंच," ताई हसली. "वरातीमागून घोडं."

"म्हणून इथे समजणं. टोकाला शिसं नको, आणि हे गाईडला समजलं पाहिजे. समजलं?"

"समजलं," ताई म्हणाली आणि तिने कात्री घेऊन माझ्या दोन्ही कड्या काढून टाकल्या.

मित्रांनो, मला फार वाईट वाटले. पण ते दागिने गेल्याचे होते. खरे दुःख पुढे वाढून ठेवले आहे हे मला तरी कुठे माहीत होते?

स्पर्धेच्या दिवशी मैदान माणसांनी भरले होते. मास्तर कुंपणाला टेकून उभे होते, हातात घड्याळ. आई धुलाईखान्यातून अर्धा दिवस सुट्टी काढून आली होती. पावणेचार फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्या आम्ही तिसऱ्या होतो. तिसऱ्या फेरीत ताई म्हणाली, "आता," आणि भिंगरी अशी सुटली की माझे पेड करकरले. शेवटच्या वळणावर पुढे एकच जोडी उरली होती. शेवटच्या सरळ पट्ट्यात तीही मागे पडली. कड्या नव्हत्या, त्यामुळे फास ताईच्या मनगटात रुतत चालला होता, पण तिला त्याचे भान नव्हते. "चल भिंगरे, चल, चल!" म्हणत ती अर्धे पाऊल पुढे झाली, रोज होई तशीच. तिची छाती आधी रेषेपार गेली आणि मग भिंगरीची.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आई रडायलाच लागली. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मी मधे चुरगळले. त्या चुरगळण्याइतका आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला नाही.

मग एक पंच आले. ते इंग्रजीत काहीतरी म्हणाले. ताईने मान डोलावली, कारण तिला वाटले अभिनंदन करत असतील. त्यांनी पुन्हा तेच सांगितले. तेव्हा शेजारी उभी असलेली स्वयंसेवक मुलगी हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही दोघी बाद झालात. शेवटच्या रेषेवर गाईडने पुढे असायचं नाही. खेळाडू आधी, गाईड मागून. कागदात लिहिलं होतं ना?"

ताईला काही उमगेना. तिने मनगटातून मला सोडवले आणि पंचांपुढे धरले. "पण आम्ही कड्या काढल्या ना. हे बघा. शिसं नाही यात."

पंच माझ्याकडे बघत राहिले. ती मुलगी म्हणाली, "शिसं?"

भिंगरीला आधी कळले. तिचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. "एल ई ए डी," ती पुटपुटली. "लीडचं स्पेलिंगपण तेच आहे का?"

"हो," ती मुलगी म्हणाली. "लीड म्हणजे पुढे असणं."

कुणी हसले नाही. हसले असते तर कदाचित बरे झाले असते.

घरी जाताना बसमध्ये मास्तर दोघींच्या मागच्या बाकावर बसले होते. ते म्हणाले, "चूक माझी. मी वाचून घ्यायला हवं होतं. लाज वाटली मला, येत नाही म्हणायची." भिंगरी म्हणाली, "नाही सर, शब्द मी सांगितला." ताई म्हणाली, "पण पुढे गेले ती मी." आई खिडकीबाहेर बघत होती. ती एवढेच म्हणाली, "पुरे आता. तिघं मिळून एकच चूक वाटून घ्या."

ताईच्या मनगटावर माझा लालभडक वळ उमटला होता. ती तो ओढणीखाली झाकत होती. उंबऱ्यात बसून तिने आधी "लीड असेल का ग" असे विचारले होते, हे तिला आठवत होते की नाही मला सांगता येत नाही. पण त्या दिवशी नाही, नंतरही नाही, रागाच्या भरातसुद्धा तिने ते कधी बोलून दाखवले नाही.

त्यानंतर ताईने वाचनालयातून एक शब्दकोश आणला. रोज बस येईपर्यंत ती एक शब्द पाठ करायची. लीडचे तीन अर्थ तिने लिहून काढले, फॉलोचे चार. भिंगरी म्हणायची, "अग, आता पुरे, माझ्या बाईंना मागे टाकशील."

एकदा ताई म्हणाली, "हा बघ, फॉल बिहाइंड. फॉल म्हणजे पडणं, बिहाइंड म्हणजे मागे. मागे पडणं! हा तर आपलाच शब्द की."

"आपल्यात मागे पडलं तर लागत नाही, इंग्रजीत लागत असेल ग."

दोघी खूप हसल्या. शर्यतीनंतर पहिल्यांदाच.

सरावही पुन्हा सुरू झाला. आता शेवटच्या दहा पावलांत ताई मुद्दाम अर्धे पाऊल मागे राहायची. मागे राहणे तिला लवकर जमले. फार लवकर जमले. मला मात्र धडकी भरली, कारण पावलोपावली मला ते जाणवत होते. सुरुवातीला फक्त शेवटच्या दहा पावलांत मला मागून ताण यायचा. मग शेवटच्या फेरीत येऊ लागला. मग तिसरीतही. ताई मंदावली नव्हती, मित्रांनो. ती पूर्वीइतकीच धावत होती. भिंगरी वाढली होती. तिचे पाय लांब झाले होते, दम दुप्पट झाला होता. ताई दिवसभर मशीनचे पायडल मारून धावायला यायची आणि जीव तोडून धावायची. जीव तोडून धावणाऱ्याची बोटे कशी थरथरतात ते दोरीलाच ठाऊक.

आणि मग एक दिवस ताण गेला. मी पुन्हा सैल झाले. मला आधी वाटले, ताईने गाठले. पण तसे नव्हते. भिंगरी हळू धावू लागली होती. तिने ते कुणाला सांगितले नाही. रोज थोडे थोडे, ताईच्या श्वासाकडे कान लावून, ती आपले पाऊल आखडते घेत होती.

दोन महिन्यांनी मास्तरांनी घड्याळ ताईपुढे धरले. "वेळेत एका सेकंदाचीही सुधारणा नाही. पोर थकली का काय?"

भिंगरी नळावर तोंड धूत होती. ताई तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "तू माझ्यासाठी हळू पळतेस."

"छे ग."

"खोटं बोलू नकोस. दोरी सैल असते. मला बाकी काही कळत नसलं तरी दोरी कळते."

भिंगरीने तोंडावरचे पाणी निपटले. "असू दे ना. मला तुझ्याबरोबरच पळायचं आहे."

"मला तुझ्या पायातला दगड व्हायचं नाहीये."

सकाळी त्या मैदानावर इस्पितळातली एक नर्स धावायला यायची. कॉलेजात असताना ती शर्यती जिंकलेली. सगळे तिला सिस्टर म्हणत. आईच्या ओळखीची होती. भिंगरीबरोबर धावाल का, असे ताईनेच तिला विचारले. सिस्टर हो म्हणाली, पण भिंगरी भडकली.

"तिला सगळे सिस्टर म्हणतात म्हणून ती माझी बहीण होत नाही!"

"तिने बहीण व्हायचं नाहीये. पळायचंय फक्त."

"तू मला टाकतेस. कंटाळलीस मला, असं सांग ना सरळ."

चार दिवस दोघी घरात एकमेकींशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी भिंगरी आपणहून बूट घालून दाराशी उभी राहिली.

मैदानावर ताईने माझा आपल्याकडचा फास स्वतःच्या हाताने सिस्टरच्या मनगटात घातला. मग तिला समजावून सांगू लागली. "वळण यायच्या आधी दोन पावलं सांगा. डावीकडे म्हणू नका, नुसतं वळण म्हणा. ती दमली की तोंडाने सांगत नाही, उजवा खांदा वर उचलते. तेव्हा जरा सांभाळा. आणि रेषेपाशी आलात की..." ती थांबली. "तेव्हा मागे राहा."

इतकी वर्षे मी जो हात ओळखत होते तो माझ्यातून निघून गेला. नवा हात मऊ होता, मजबूत होता, त्याला साबणाचा वास होता. त्याच्यात वाईट काहीच नव्हते. तरीही त्या दिवशी पहिल्या फेरीत मी दोनदा पिळले गेले.

पुढच्या स्पर्धेत आम्ही जिंकलो. या वेळी खरोखर जिंकलो. सिस्टर शेवटच्या रेषेवर नेमकी अर्धे पाऊल मागे होती. पंचांनी हात वर केला. भिंगरीने धापा टाकत उजवीकडे मान वळवली आणि ओरडली, "ताई! ताई, जिंकलो!"

"मी आहे ग, सिस्टर," ती नर्स हळूच म्हणाली. "ताई तिकडे वर बसलीय. बोलावते हं."

ताई भिंगरीच्या चपला आणि पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती. ती खाली येईपर्यंत फोटो काढून झाले होते.

भिंगरीची निवड झाली. प्रशिक्षण केंद्र दूरच्या शहरात होते. तिथून तिच्यासाठी नवी दोरी आली, टोकांना मऊ रबर लावलेली, नियमात बसणारी. माझे काम संपले. ताईने मला घरी आणले आणि माझ्या एका फासात घराची किल्ली अडकवली. तेव्हापासून मी किल्लीची दोरी आहे. दिवसा ताईच्या मनगटावर, बाकी वेळ दारामागच्या खिळ्यावर.

सुरुवातीला भिंगरीचा फोन रोज यायचा. मग रविवारी. मग कधीमधी. तिच्या बोलण्यात नवे नवे शब्द येऊ लागले, औषधांचे, व्यायामांचे, माणसांचे. मधेच ती विचारायची, "समजलं ना, ताई?" ताई म्हणायची, "समजलं." फोन ठेवला की ती शब्दकोश काढायची. पण ऐकलेल्या शब्दाचे स्पेलिंग माहीत नसले तर तो शोधायचा कुठे? ती दोन-चार पाने चाळून पुस्तक मिटवून टाकायची.

दीड वर्षाने भिंगरी दोन दिवसांसाठी घरी यायची होती. ताई दुकानातून लवकर निघाली आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. मी तिच्या मनगटावर होते. बस आली. भिंगरी उतरली. पाठीवर पिशवी, हातात पांढरी काठी. आम्ही तिला काठी घेऊन चालताना कधी पाहिले नव्हते. ती काठी उघडून, टक टक करत, ताठ मानेने चालू लागली. ताईने हात पुढे केला होता. भिंगरी त्या हाताच्या बाजूने, वीतभर अंतरावरून पुढे गेली.

हाक मारण्यासाठी ताईने तोंड उघडले आणि तसेच मिटले. मग ती मागून चालू लागली.

औषधाच्या दुकानाशी भिंगरी बरोबर वळली. गटारावरची फरशी तिने काठीने शोधून काढली. मोठ्या रस्त्यापाशी एका अनोळखी माणसाने "चला, पलीकडे नेतो" म्हणत तिचा कोपर धरला आणि तिला रस्ता पार करून दिला. ताई चार पावले मागे होती. तिची मूठ माझ्यावर इतकी घट्ट आवळली, की किल्लीचे दात तिच्या तळव्यात रुतले.

दारापाशी पोचल्यावर भिंगरी थांबली. काठी मिटली. मागे न वळता म्हणाली, "थांब्यापासून मागून येतेयस ना?"

ताई दचकली. "तुला कळलं?"

"उतरल्याबरोबर. तुझी डावी चप्पल घासते अजून."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मला वाटलं, तू मारशील." भिंगरीने काठी पिशवीत खोचली. "मग वाटलं, रागावलीयस अजून. तू मला टाकतेस, असं मीच बोलले होते तेव्हा."

"मी कशाला रागावू? मला वाटलं, तुला आता मी लागत नाही."

ताईने दार उघडले. भिंगरी आत गेली. आईने पाणी आणले, केंद्रातल्या जेवणाची चौकशी केली, आणि तो विषय तिथेच राहिला. दोन दिवस घर गजबजलेले होते. शेजारी येत, पदक हातात घेऊन बघत. दोघी बहिणींना एकमेकींशी बोलायला निवांत वेळ मिळाला नाही, आणि मिळाला असता तरी त्या बोलल्या असत्या की नाही, मला सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी निघाली. ताई थांब्यापर्यंत तिच्या शेजारून चालली. दोघींच्या मधे दीड वीतच अंतर होते. त्या अंतरात काही नव्हते.

याला आता पाच वर्षे झाली. भिंगरीला तिकडेच नोकरी लागली. ती आता धावत नाही, लहान अंध मुलींना शिकवते. ताई त्याच दुकानात आहे, आता कापड बेतते. पत्र येते, फोन येतो. दोघी एकमेकींना काही कमी पडू देत नाहीत. दोघी चांगल्या आहेत. पण भिंगरीला ताई आता लागते की नाही, हा दारातला प्रश्न अजून दारातच उभा आहे. किल्ली लावताना ताई रोज क्षणभर थांबते, आणि मला ते कळते.

मित्रांनो, माझे पेड आता विरले आहेत. मला कुणाला शहाणपण शिकवायचे नाही. फक्त एवढेच मागणे आहे. एखादा शब्द समजला नाही, तर समजला म्हणू नका. तो इंग्रजी असो नाहीतर आपल्या माणसाच्या तोंडचा असो. विचारा. विचारायला लाज वाटते ती घटकाभर. आणि कुणाच्या पुढे धावत असाल तर खुशाल धावा, तुम्ही थांबावे असे मागे राहिलेल्यालाही वाटत नसते. पण धावता धावता एकदा त्याला हाक मारा. मागे असाल, तर तुम्हीही मारा. आधी कुणी मारायची, याची वाट बघत चालू नका. ताणून दोरी तुटते, हे लहान पोरही जाणते. कुणी धरलीच नाही तर ती खिळ्यावर लटकून लटकून विरते, हे मात्र माझ्याकडून ऐकून ठेवा.